रोगी न पाहता फाईल तपासणारी नर्स

भिवंडीत तागा विणून झाला की तो उलगडून पाहायला व्यापाऱ्याचा माणूस बसलेला असतो. फॉल्ट निघाला की मजुरी कापली जाते. विणकराला तो माणूस आवडत नाही, पण निदान कुठला धागा तुटला ते तो बोट ठेवून दाखवू शकतो. अमेरिकेत इस्पितळ आणि विमा कंपनी यांच्यामध्ये असाच एक तपासनीस बसतो. त्याच्यापुढे मात्र माल येत नाही, म्हणजे रोगी येत नाही. नुसते कागद येतात. या कामाला तिकडे युटिलायझेशन रिव्ह्यू म्हणतात. आपल्या घरांतील मुली आणि मुलेही आता नर्सिंग शिकत आहेत, आणि मेडिक्लेमचा हप्ता भरणारे दुकानदार तर पुष्कळ आहेत. दोघांच्याही उपयोगाचा विषय म्हणून आज त्याची ओळख करून देत आहोत.

1965 साली अमेरिकन सरकारने वृद्धांसाठी मेडिकेअर ही विमा योजना आणली, तेव्हाच इस्पितळांनी रोग्यांचा मुक्काम तपासणारी समिती नेमावी अशी अट घातली होती. पुढे 1973 च्या कायद्याने एचएमओ नावाच्या संस्थांना उत्तेजन मिळाले. या संस्था हप्ता आधी घेतात आणि उपचाराचा खर्च आपल्या अंगावर घेतात. व्यापारी माणसाला यातली मेख लगेच कळेल : गल्ला आधीच आत आला, आता जो रोगी एक दिवस जास्त राहील तो नफ्यातून जाणार. 1983 पासून मेडिकेअरनेही दिवसांप्रमाणे बिल देण्याऐवजी आजाराप्रमाणे ठोक रक्कम देणे सुरू केले, आणि इस्पितळांनाही आपला हिशेब सांभाळणारी माणसे लागू लागली. म्हणून आज तपासनीस दोन्ही बाजूंना असतात. एक इस्पितळाच्या पगारावर, दुसरा कंपनीच्या. दोघे बहुधा नर्सच असतात आणि पुष्कळदा एकाच नियमावलीवरून बोलतात.

त्या नियमावल्यांत इंटरक्वाल आणि एमसीजी ही दोन नावे मोठी. न्यूमोनियाचा रोगी दाखल झाला असे समजा. ‘रोगी फार अशक्त आहे’ या वाक्याचा तपासनिसाला उपयोग नसतो. रक्तातील ऑक्सिजन किती, श्वास मिनिटाला किती, औषध शिरेतून चालू आहे की गोळी पोटात टिकते, घरी कोणते औषध घेऊन गुण आला नाही, हे तो शोधतो. ऑपरेशनच्या आधी, मुक्काम चालू असताना आणि कधी कधी रोगी घरी गेल्यावरही ही तपासणी होते. अट जुळली तर नर्स मंजुरी देऊ शकते. नाही जुळली तर, उपचाराची गरज नाही असा निर्णय देण्याचा अधिकार सामान्यतः तिला नसतो. फाईल कंपनीच्या डॉक्टरकडे जाते. तो नकार देण्याच्या विचारात असेल तर उपचार करणारा डॉक्टर त्याच्याशी फोनवर बोलू शकतो. आमच्या मते चांगल्या नर्सची परीक्षा इथेच होते. फाईलमध्ये एक आकडा राहून गेला म्हणून ती वर ढकलायची, की वॉर्डात फोन करून तो आकडा मागवायचा? दुसऱ्या कामाला पाच मिनिटे लागतात आणि टेबलावर शंभर फायली असतात.

एका शब्दाने काय होते ते पाहा. मेडिकेअरचा 2013 पासूनचा एक नियम असा, की रोग्याला दोन मध्यरात्री इस्पितळात काढाव्या लागतील असे डॉक्टरला वाटत असेल तर त्याची नोंद सहसा ‘दाखल’ अशी व्हावी. एरवी बहुधा ‘देखरेखीखाली’ अशी होते. खाट तीच, सलाईन तेच. पण मूळ मेडिकेअरमध्ये नंतरच्या शुश्रूषागृहाचा खर्च मिळायचा तर आधी सलग तीन दिवस ‘दाखल’ असावे लागते. पडून जायबंदी झालेली म्हातारी तीन दिवस खाटेवर होती, कागदावर मात्र देखरेखीखाली होती, तर शुश्रूषागृहाचे बिल घरच्यांच्या गळ्यात पडते.

1996 साली डॉ. लिंडा पीनो यांनी अमेरिकन संसदेच्या उपसमितीपुढे स्वतः कबुली दिली होती. 1987 मध्ये विमा कंपनीत तपासनीस डॉक्टर असताना त्यांनी एका माणसाची शस्त्रक्रिया नामंजूर केली, तो दगावला, आणि कंपनीचे सुमारे पाच लाख डॉलर वाचले. त्यांना कोणी जाब विचारला नाही. उलट कंपनीत त्यांचे वजन वाढले, असे त्या म्हणाल्या. त्यांनी तो माणूस कधी पाहिलाच नव्हता.

मेडिकेअरच्या खासगी कंपन्यांमार्फत चालणाऱ्या योजनांत 2022 साली सुमारे 4 कोटी 60 लाख पूर्वमंजुरीचे अर्ज आले. त्यांतील 34 लाख पूर्ण किंवा अंशतः नाकारले गेले. नकाराविरुद्ध दाद मागितली ती दहापैकी एकाने, आणि मागणाऱ्यांपैकी 83 टक्क्यांचा निर्णय पूर्ण किंवा अंशतः फिरला. बाकीचे नऊजण गप्प बसले. (आपल्याकडेही जकातीची पावती चुकली तरी भांडण नको म्हणून पैसे भरून मोकळे होणारे होतेच.) आता संगणकच फायली निकालात काढू लागल्यावर कॅलिफोर्नियाने 2025 पासून कायदा लागू केला, की उपचाराची गरज नाही हा निर्णय परवानाधारक डॉक्टर किंवा योग्य तज्ज्ञानेच द्यावा, यंत्राने एकट्याने नव्हे.

आपल्याकडे हेच काम टीपीए कंपन्यांत आणि विमा कंपन्यांच्या दाव्यांच्या विभागात चालते. टीपीएचे पहिले नियम 2001 साली आले. तिथे एमबीबीएसच्या बरोबरीने आयुर्वेद, होमिओपॅथी आणि युनानीचे पदवीधर डॉक्टरही काम करतात. आपल्या पॉलिसीतही तोच कागदाचा खेळ आहे : नुसत्या तपासण्यांसाठी दाखल झालात असे फाईलवरून दिसले तर दावा अडतो. तेव्हा डिस्चार्ज कार्ड हातात पडताच वाचून घ्यावे. त्रास केव्हापासून, बाहेर कोणते औषध झाले आणि दाखल का करावे लागले, हे खरे असेल तसे त्यात आले आहे की नाही, हे डॉक्टरसाहेबांना तिथेच विचारावे. 2024 च्या आदेशाप्रमाणे कॅशलेस अर्जावर कंपनीने एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय द्यायचा आहे, आणि कंपनीच्या समितीच्या संमतीशिवाय दावा फेटाळता येत नाही. फेटाळलाच तर कारण लेखी मागून आधी कंपनीकडे तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर मुंबई व पुणे येथे विमा लोकपालांची कार्यालये आहेत. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही.

ज्या मुलींना हे काम करायचे आहे त्यांनी आधी दोन-तीन वर्षे वॉर्डात काढावीत. अमेरिकेत नर्स म्हणून हे करायचे तर एनक्लेक्स ही परीक्षा आणि तेथील राज्याचा परवाना लागतो, आणि तिथल्या कंपन्याही खाटेजवळ काम केलेल्या नर्सलाच पसंती देतात. श्वास लागलेला माणूस जिने पाहिला आहे, तिला मिनिटाला बत्तीस श्वास हा आकडा वाचूनच तो दिसतो.