सैनिकांचीं मुलें व त्यांचें शिक्षण

सात डिसेंबर हा दिवस आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. त्या दिवशीं वर्गावर्गांतून एक पत्र्याचा डबा फिरतो, आपण त्यांत एखादें नाणें टाकतों, आणि छातीवर कागदाचें एक लहानसें निशाण लावून घरीं जातों. सन १९४९ पासून हा सशस्त्र सेना ध्वज दिन पाळण्यांत येत आहे. परंतु डब्यांत पडलेलें तें नाणें पुढें कोठें जातें, असा प्रश्न आपल्यापैकीं फारच थोड्यांनीं केला असेल. प्रस्तुत लेखांत त्या नाण्याचा माग काढण्याचें आम्हीं योजिलें आहे. कारण अशा नाण्यांपैकीं कांहीं फिरून शाळेंतच परत येतात, आणि कदाचित् आपल्या शेजारच्या बांकावर बसणाऱ्या सोबत्याच्या वह्यापुस्तकांच्या रूपानें येतात.

प्रथम हें पाहूं कीं, सैनिकाच्या मुलांकरितां शिक्षणाची निराळी सोय कां असावी? कचेरींतील कारकून अठ्ठावन किंवा साठ वर्षांचा झाला म्हणजे निवृत्त होतो. तोंपर्यंत त्याचीं मुलें बहुधा शिकूनसवरून मार्गाला लागलेलीं असतात. शिपायाची गोष्ट तशी नाहीं. तो अठरा-वीस वर्षांचा असतां भरती होतो. पेन्शनीस पात्र होण्यास त्याला पंधरा वर्षांची नोकरी पुरी करावी लागते. आणि पस्तिशी-चाळिशीच्या दरम्यान पुष्कळसे शिपाई घरीं परततात. त्या वेळीं थोरलें मूल सहावी-सातवींत असतें, तर धाकट्यानें नुकतीच पाटी हातांत घेतलेली असते. पगार थांबतो, पेन्शन सुरू होतें, आणि शिक्षणाचा खर्च नेमका त्याच सुमारास चढणीला लागतो. नोकरींत असतांना वारंवार होणाऱ्या बदल्यांमुळें मुलांच्या शाळाहि बदलत आलेल्या असतात. आज एक भाषा तर उद्यां दुसरी. हें झालें सुखरूप परत येणाऱ्याचें. जो परत येत नाहीं, त्याच्या घरचा सगळा भार तर एकट्या माउलीवर पडतो.

हा विचार आजकालचा नव्हे. आमचें पाम गांव ज्या बोइसर-तारापूरच्या टापूंत आहे, तेथील इतिहासच ह्याची आठवण करून देतो. आज तारापूर म्हटलें कीं १९६९ सालीं सुरू झालेलें अणुवीज केंद्र व भोंवतालचे कारखाने डोळ्यांपुढें येतात. परंतु १७३९ सालीं चिमाजी अप्पांच्या फौजेनें पोर्तुगीजांच्या ताब्यांतील तारापूरचा किल्ला मोठ्या निकरानें लढून घेतला, आणि त्या लढाईंत बाजी भिवराव रेठरेकर हा शूर सरदार पडला. सरदाराचें नांव इतिहासांत राहिलें. त्याच्यासारख्याच निकरानें लढून पडलेल्या नांव नसलेल्या शिपायांच्या मुलांचें काय झालें असेल? मराठी राज्यांत ह्या प्रश्नासाठीं एक स्वतंत्र शब्दच होता: बालपरवेशी. लढाईंत कामास आलेल्या माणसाच्या पोरक्या मुलांच्या पोषणाकरितां सरकारांतून जी नेमणूक होई, तिला हें नांव होतें. म्हणजे, ज्यानें राज्यासाठीं देह ठेवला त्याचीं मुलें राज्याचीं, हें तत्त्व आपल्याकडे जुनेंच आहे. मात्र त्या नेमणुकीचा हेतु अन्नवस्त्राचा होता. शाळेचा खर्च हा तिचा विषय नव्हता.

शाळेचा विचार पुढें कंपनी सरकारच्या पलटणींतून आला. तेथें हिंदी शिपायांस व त्यांच्या मुलांस, मुलग्यांप्रमाणें मुलींसहि, शिक्षण सक्तीचें होतें असें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं नमूद केलें आहे, आणि त्यांच्याइतका अधिकारी साक्षीदार दुसरा मिळणार नाहीं. त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते, आणि बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजीं महू येथील लष्करी छावणींतच झाला. ज्या समाजाला गांवच्या शाळेचें दार बंद होतें, त्या समाजांतील मुलांमुलींस छावणींतल्या शाळेचें दार उघडें होतें. रामजी सुभेदार पेन्शन घेऊन छावणीबाहेर आले आणि पुढें त्यांच्याच बुद्धिमान् मुलाला साताऱ्याच्या शाळेंत इतर मुलांपासून वेगळें बसावें लागलें. छावणीच्या आंत व बाहेर केवढें अंतर होतें, हें ह्या एका उदाहरणावरून दिसतें. पुढें १८९० नंतरच्या थोड्याच वर्षांत महारांची लष्करांत भरती बंद झाली, तेव्हां नोकरीबरोबर ही शाळाहि गेली. म्हणूनच गोपाळबाबा वलंगकरांसारख्या पेन्शनर शिपायानें १८९४ सालीं भरती पुन्हा सुरू व्हावी यासाठीं अर्जाची खटपट केली. शिपायाच्या मुलाला मिळालेली शाळा एका घराचें नव्हे तर सबंध समाजाचें भाग्य कशी पालटते, हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें हा इतिहास मनःपूर्वक वाचावा.

पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ सालीं, सैनिकांच्या हितासाठीं एक मध्यवर्ती मंडळ स्थापन झालें. तेंच नांवें बदलत आजचें केंद्रीय सैनिक बोर्ड झालें आहे. शिपायांच्या मुलांकरितां राजा पंचम जॉर्ज यांच्या नांवानें लष्करी शाळाहि निघाल्या. त्यांपैकीं बेळगांवची शाळा १९४५ सालची असून ती आज राष्ट्रीय मिलिटरी स्कूल ह्या नांवानें चालू आहे. स्वातंत्र्यानंतर २३ जून १९६१ रोजीं साताऱ्यास देशांतील पहिली सैनिक शाळा उघडली. सैनिक शाळांत सर्वच थरांतील मुलें प्रवेशपरीक्षा देऊन जातात. तथापि सैनिक व माजी सैनिक यांच्या मुलांकरितां कांहीं जागा राखून ठेविलेल्या असतात.

आतां आजच्या सोयींकडे वळूं. त्या मुख्यतः चार प्रकारच्या आहेत.

पहिली सोय युद्धांत किंवा लष्करी कारवाईंत कामास आलेल्या, बेपत्ता झालेल्या अथवा कायमचें अपंगत्व आलेल्या सैनिकांच्या मुलांची. १९७१ च्या युद्धांतील विजयानंतर लगेच, त्याच वर्षाच्या डिसेंबर महिन्यांत, सरकारनें लोकसभेंत हिची घोषणा केली. शाळा-कॉलेजची फी, वसतिगृहाचा खर्च, पुस्तकें व गणवेश यांचा भार सरकार उचलतें. २०१७ सालीं फी व वसतिगृह मिळून दरमहा १०,००० रुपयांची मर्यादा घालण्यांत आली. पण त्यावर लोकमत क्षुब्ध झालें आणि मार्च २०१८ मध्यें ती मर्यादा काढून टाकण्यांत आली. दिलेलें वचन मोजून देऊं नये, ही लोकभावना सरकारनें मान्य केली.

दुसरी सोय साध्या शिपायाच्या घरासाठीं आहे. हवालदार किंवा त्याच्या बरोबरीच्या हुद्द्यापर्यंतच्या माजी सैनिकांच्या जास्तींत जास्त दोन मुलांस, इयत्ता पहिलीपासून पदवीपर्यंत, रक्षामंत्री माजी सैनिक कल्याण निधींतून दरमहा अनुदान मिळतें. सैनिकाच्या विधवा पत्नीनें दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम घेतला तर तिलाहि तें मिळतें. हें अनुदान दर मुलामागें १,००० रुपये होतें; ऑक्टोबर २०२५ मध्यें तें दुप्पट करण्याचें ठरलें, आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून येणाऱ्या अर्जांस २,००० रुपयांचा दर लागू झाला. मूल त्या इयत्तेंत उत्तीर्ण झालेलें असावें लागतें. येथेंच आमच्या नाण्याचा माग लागतो: हा निधि ध्वज दिन निधीचाच एक भाग आहे.

तिसरी सोय म्हणजे पंतप्रधान शिष्यवृत्ति योजना. ही २००६-०७ सालीं सुरू झाली व तिचा पैसा राष्ट्रीय संरक्षण निधींतून येतो. हा निधीहि १९६२ सालीं लोकांच्या स्वेच्छेच्या देणग्यांतून उभारला गेला. दरवर्षीं ५,५०० शिष्यवृत्त्या असून त्यांपैकीं निम्म्या, म्हणजे २,७५०, मुलींकरितां राखलेल्या आहेत. अभियांत्रिकी, वैद्यक, परिचर्या, शिक्षणशास्त्र अशा व्यावसायिक पदवीच्या अभ्यासक्रमांस ती लागू आहे. २०१९-२० पासून मुलींस दरमहा ३,००० व मुलांस २,५०० रुपये असा दर ठरला. प्रवेशासाठीं लागणाऱ्या परीक्षेंत, जसें बारावींत, शेंकडा साठ गुण असावे लागतात. धारातीर्थीं पडलेल्यांच्या मुलांस अग्रक्रम असतो. आणि सर्वांत महत्त्वाची अट ही कीं, अर्ज पदवीच्या पहिल्या वर्षांतच करावा लागतो.

चौथा प्रकार महाराष्ट्र राज्याच्या सवलतींचा. राज्याचा सैनिक कल्याण विभाग पुण्यास असून त्याच्या हाताखालीं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयें चालतात. कित्येक जिल्ह्यांच्या ठिकाणीं सैनिकांच्या मुलांमुलींकरितां ह्या खात्याचीं वसतिगृहें आहेत. कॉलेजांत माजी सैनिकांच्या मुलांस शैक्षणिक सवलत आहे व तिचा अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावरून होतो. अभियांत्रिकीच्या प्रवेशांत सैनिक व माजी सैनिक यांच्या मुलांसाठीं शेंकडा पांचपर्यंत जागा राखीव असतात.

हे आंकडे कोरडे वाटूं नयेत म्हणून एक उदाहरण घेऊं. समजा, पाम गांवीं एक निवृत्त नाईक राहतो. पलटणींतून परतल्यावर तो तारापूरच्या एका कारखान्यांत पहारेकऱ्याचें काम करितो. त्याची मुलगी बारावी झाली आहे व मुलगा आठवींत आहे. मुलाच्या अनुदानाचे वर्षाला २४,००० रुपये होतात. मुलीनें शेंकडा सत्तर गुण मिळवून अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षांत प्रवेश घेतला व शिष्यवृत्ति मिळविली, तर तिला वर्षाला ३६,००० म्हणजे चार वर्षांत १,४४,००० रुपये मिळतील. आतां असें समजा कीं, ही योजना तिला दुसऱ्या वर्षांत गेल्यावर कोणी मैत्रिणीनें सांगितली. गुण तेच, वडिलांची नोकरी तीच, घरची अडचणहि तीच. तरी तिला अर्जच करितां येणार नाहीं. एका वर्षाच्या अज्ञानानें चारी वर्षें गेलीं! पुष्कळ मुलांचें नुकसान नकारामुळें होत नाहीं, न मागितल्यामुळें होतें.

दुसरें विघ्न कागदांचें. अशा अर्जास बहुधा सैनिकाचें डिस्चार्ज बुक, माजी सैनिकाचें ओळखपत्र, मुलाचें नांव पलटणीच्या दप्तरीं चढल्याचा पुरावा, गुणपत्रिका, शाळेचा दाखला, आधार कार्ड व बँकेचें पासबुक इतकें लागतें. ह्यांत कठीण असें कांहीं दिसत नाहीं. पण दप्तरांत नांव ‘बाळू’, शाळेच्या रजिस्टरांत ‘बाळकृष्ण’ आणि आधार कार्डावर आडनांवाची वेलांटीच निराळी, असें झालें कीं माणूस एक असून कागदावर तिघे होतात. वडील हयात असतां ही चूक सुधारणें सोपें असतें. त्यांच्या मागें तेंच काम आईला टेबलाटेबलाशीं उभें करितें. म्हणून ज्यांच्या घरीं कोणी लष्करांत आहे किंवा होतें, त्या आमच्या सोबत्यांस आमची सूचना आहे कीं, येत्या सुटींत एक दुपार ह्या कामीं खर्चावी. वडिलांची जुनी ट्रंक उघडून डिस्चार्ज बुक काढावें, त्यांतील आपलें व भावंडांचें नांव आणि जन्मतारीख दाखल्याशीं अक्षरशः ताडून पाहावी, आणि फरक असल्यास आपलें कुटुंब ज्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत नोंदलेलें असेल तेथें विचारपूस करावी. नोंदच झाली नसेल तर ती प्रथम करावी. दर व शेवटची तारीख वेळोवेळीं बदलते. ती बोर्डाच्या संकेतस्थळावर स्वतः पाहावी, ऐकीव माहितीवर विसंबूं नये.

ह्या व्यवस्थेंत उणिवा नाहींत असें नव्हे. निमलष्करी दलांतील जवानांच्या मुलांस सैनिक बोर्डाची शिष्यवृत्ति लागू नाहीं. त्यांची योजना गृह खात्याकडे निराळी आहे, आणि दोहोंची गल्लत होऊन अर्ज चुकीच्या दारीं जातात. जून २०२२ मध्यें जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेच्या मूळ अटींप्रमाणें चार वर्षांनीं परतणाऱ्या अग्निवीरांस पेन्शन नाहीं व माजी सैनिकाचा दर्जाहि नाहीं. उद्यां त्यांचीं मुलें शाळेंत येतील तेव्हां त्यांस कोणत्या रांगेंत उभें करावयाचें, ह्याचा विचार विचारवंतांनीं आजच केला पाहिजे.

शेवटीं एक शंका उरते. हा पैसा जर लोकांच्या देणग्यांतून येतो, तर तो घेणें म्हणजे दान घेणें नव्हे काय? कित्येक स्वाभिमानी माजी सैनिक ह्याच संकोचानें अर्ज करीत नाहींत असें आम्हांस वाटतें. आमचें उत्तर स्पष्ट आहे. दान देणारा आधीं देतो व घेणारा मागून घेतो. येथें सैनिकानें आपल्या उमेदीचीं पंधरा-वीस वर्षें आधींच देऊन टाकलेलीं आहेत. मागून येतें तें ऋणाचें हप्त्यानें होणारें फेडणें. बालपरवेशी देणाऱ्या जुन्या राज्यानें हें ऋण अन्नवस्त्रानें फेडलें. आपण तें विद्येनें फेडीत आहों, आणि विद्या दिली असतां घेणाऱ्याची मान खालीं होत नाहीं, उलट वर होते. तेव्हां येत्या सात डिसेंबरला डबा आपल्या बांकाशीं येईल तेव्हां नाणें टाकतांना लाजूं नये, आणि ज्याच्या घरीं तें परत यावयाचें आहे त्यानें तें मागतांनाहि लाजूं नये.