कोड दाखवतो एक, दुखणं असतं दुसरीकडे

पोकलेन, डोझर, ग्रेडर, डंपर यांच्या वायरिंगमध्ये माझी बरीच वर्षं गेली. पूर्वी डिझेल, हवा आणि बॅटरी ठीक असली की इंजिन सुरू व्हायचं. आता इंजिनाचा, हायड्रॉलिकचा, डिस्प्लेचा असे वेगवेगळे कंट्रोलर असतात आणि ते दोन वायरींवरून सारखे एकमेकांशी बोलत असतात. ही कॅन पद्धत बॉश कंपनीने १९८६ साली मोटारगाड्यांसाठी जगापुढे आणली. अवजड यंत्रांत ती बहुतेक ठिकाणी जे१९३९ या नावाने वापरतात. आपल्याकडे चाकांच्या बांधकाम यंत्रांना एप्रिल २०२१ पासून धुराचे कडक नियम लागू झाले आणि छोट्या ठेकेदाराच्या दारातल्या गाडीतही ही भानगड आली. बोलणं तुटलं की गाडी उभी, मागे डंपरची रांग उभी. अशा घाईत महागडा कंट्रोलर बदलला जातो, बिल भरलं जातं आणि बिघाड जागेवरच राहतो. हे थांबावं, एवढ्यासाठी हे अनुभवाचे बोल.

१. कोड म्हणजे तक्रार, निकाल नव्हे.
कोडमध्ये दोन आकडे असतात. पहिला, एसपीएन, कशाबद्दल तक्रार आहे ते सांगतो. दुसरा, एफएमआय, तक्रार कोणत्या प्रकारची ते सांगतो. आपली पोरं पहिलाच आकडा वाचतात. १९० म्हणजे इंजिनाचा स्पीड, म्हणून स्पीड सेन्सर बदलून मोकळे होतात. पण त्याच्यापुढे ९ असेल, तर अर्थ वेगळा होतो: माहिती वेळेवर पोहोचत नाही. सेन्सर धडधाकट असू शकतो, वाट तुटलेली असू शकते. म्हणून कोणत्या कंट्रोलरने कोड दिला आणि कोणाबद्दल दिला, हे आधी कागदावर लिहा. सगळे मिळून एकाचीच तक्रार करत असतील, तर त्या एकाचा फ्यूज, सप्लाय आणि अर्थिंग बघा. सगळेच सगळ्यांची तक्रार करत असतील, तर मुख्य वायरींकडे चला.

२. आधी बॅटरी आणि अर्थ.
स्टार्टर मारताना व्होल्टेज फार खाली गेलं की कंट्रोलर क्षणभर झोपतात आणि संपर्क तुटल्याचे कोड नोंदवून ठेवतात. टर्मिनल घासा, चासीची अर्थिंग पट्टी उघडून साफ करा, कोड पुसा, पुन्हा बघा. कितीतरी गाड्या इथेच सुटतात.

३. साठचा आकडा.
या कामात मला एकच तपासणी ठेवायला सांगितली, तर मी ही ठेवीन. मुख्य स्विच बंद करा. नऊ पिनांच्या गोल डायग्नोस्टिक कपलरमध्ये सी आणि डी या पिनांवर मीटर लावून ओहम मोजा. लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. दोन्ही जोडीने मोजले जातात, म्हणून मीटरवर ६०च्या आसपास यायला हवं. १२० आले, तर एक टोक तुटलंय किंवा एक रेझिस्टर गेलाय. ४० आले, तर कोणीतरी तिसरा रेझिस्टर आणून बसवलाय. बाहेरून बसवलेला जीपीएसचा डबा अशा वेळी आधी तपासावा. शून्याजवळ आकडा आला, तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात.
मात्र काही गाड्यांत हा रेझिस्टर कंट्रोलरच्या पोटातच असतो. असा कंट्रोलर काढून मोजलं, तर १२० दिसणारच, त्याला बिघाड म्हणू नये. काही गाड्यांत अशा दोन-तीन लाइनी वेगवेगळ्या असतात आणि कपलरवर त्यातली एकच मिळते. त्यामुळे वायरिंगचा नकाशा हातात नसताना साठ आले म्हणून सुटकेचा श्वास सोडू नका.

४. मग चावी लावून व्होल्ट.
सी पिन ते अर्थ अडीचच्या थोडं वर, डी पिन ते अर्थ अडीचच्या थोडं खाली. दोन्हींची बेरीज पाचच्या आसपास. साध्या मीटरला सरासरी दिसते, खरे ठोके बघायला ऑसिलोस्कोप लागतो, पण साइटवर एवढ्यावर पुष्कळ कळतं. एखादी वायर शून्याला किंवा बॅटरीच्या व्होल्टेजला टेकली असेल, तर ती लगेच उघडी पडते.

५. ऑपरेटरला विचारा, आणि तो सांगतो ते ऐका.
कोकणातल्या एका घाटात रॉक ब्रेकर लावलेली पोकलेन मधूनच मरगळायची. इंजिन आपोआप खाली यायचं, स्क्रीन कोरी व्हायची. उभ्या गाडीवर ६० ओहम चोख, व्होल्ट चोख. आधीच्या माणसांचा डिस्प्ले बदलून झाला होता. ऑपरेटर म्हणाला, "साहेब, बकेट लावून दिवसभर चालवा, काही होत नाही. ब्रेकर मारला की जाते."
म्हणजे हादऱ्याचा दोष. चावी लावून मीटरची एक पिन सी वर आणि दुसरी अर्थवर ठेवली, हेल्परला हार्नेस हाताहाताने हलवत न्यायला सांगितलं. केबिनच्या खालच्या ब्रॅकेटजवळ त्याने हात घातला आणि काटा शून्यावर आला. तिथली क्लिप तुटली होती, हार्नेस पत्र्याच्या धारेवर बसला होता आणि पिवळ्या वायरीचं आवरण घासून तिळाएवढं तांबं उघडं पडलं होतं. ब्रेकरचा दणका बसला की ते चासीला टेकायचं आणि सगळ्यांचं बोलणं बंद. वायर नीट जोडली, स्लीव्ह चढवली, नवी रबरी क्लिप लावली. डिस्प्ले मुळातच ठीक होता.

६. तपासताना नवा बिघाड घालू नका.
मीटरची जाड सुई मादी पिनेत कोंबली की पिन पसरते आणि पुढे हादऱ्यात सुटते. सुई वायरीच्या आवरणात टोचली की त्या छिद्रातून पाणी शिरतं आणि तांबं आतून हिरवं पडतं. मापाची पातळ पिन वापरा, नाहीतर कपलरच्या मागून मोजा. पिळलेल्या जोडवायरी दुरुस्तीनंतरही पिळलेल्याच ठेवा. तो पीळ बाहेरच्या विजेचा गोंगाट अडवतो.

७. वेल्डिंग आणि प्रेशर वॉशर.
बकेटला भेग गेली की साइटवर लगेच वेल्डर येतो. त्याआधी बॅटरी सोडा, कंट्रोलरचे कपलर काढा आणि वेल्डिंगची अर्थ जोडाच्या अगदी जवळ लावा. दूर लावली, तर करंट वाट काढत बेअरिंग आणि कंट्रोलरमधून जातो. धुताना कपलरवर थेट फवारा नको. रिकाम्या भोकातली रबरी बुचं जागेवर आहेत ना, ते बघा.

८. दुसऱ्या गाडीचा कंट्रोलर लावून बघणं.
हा मोह टाळा. दिसायला सारखा असला, तरी आतला प्रोग्राम त्या गाडीचा असतो.

९. ठणठणीत गाडीचे आकडे लिहून ठेवा.
मालकांना माझी एवढी विनंती आहे. पावसाळ्याआधी, गाडी उत्तम चालत असताना, सी-डीमधले ओहम, दोन्ही पिनांचे व्होल्ट आणि स्टार्ट मारतानाचं बॅटरी व्होल्टेज लॉगबुकच्या पहिल्या पानावर लिहा. लॉगबुकच्याच पिशवीत त्या मॉडेलच्या वायरिंगच्या नकाशाची प्रत ठेवा आणि ती पिशवी ऑफिसच्या कपाटात नको, केबिनमध्ये असू द्या.