अडकलेला हप्ता सोडवताना

२६ मार्च २०२० ला केंद्राने कोरोनाचे पॅकेज जाहीर केले आणि ‘शेतकऱ्याच्या खात्यात दोन हजार’ ही बातमी गावोगाव फिरली. ते पैसे नवे नव्हते. पीएम-किसानचे वर्षाला ६,००० रुपये ठरलेलेच होते. त्यातला पहिला हप्ता एप्रिलच्या सुरुवातीलाच सोडला गेला. टाळेबंदीत कापूस घरात पडून असताना तेवढ्याचाही आधार झाला. पण ज्यांच्या नोंदीत घोळ होता, त्यांचे पैसे संकटातही अडकले. आजही जालना, अंबड, भोकरदन कुठेही तेच चालते.

तेव्हा कुठल्याही कचेरीत जाण्याआधी घोळ नेमका कुठे आहे ते बघा. पीएम-किसानच्या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून लाभार्थी स्थिती उघडा. क्रमांक आठवत नसेल तर आधार किंवा मोबाईल क्रमांकावरून तो तिथेच सापडतो. ई-केवायसी, जमिनीची नोंद आणि बँकेचे आधार सीडिंग, या तिन्हींपुढे ‘होय’ हवे. व्हॉट्सअॅपवर आलेले ‘पीएम किसान’चे अॅप मात्र चुकूनही उतरवून घेऊ नका; त्यातून खाती रिकामी केली जातात.

ई-केवायसी सर्वांत सोपी. आधारला मोबाईल जोडलेला असेल तर ओटीपीवर होते, नसेल तर सेवा केंद्रात अंगठा द्यायचा. कामाने झिजलेली बोटे यंत्र बऱ्याचदा ओळखत नाही. अशा वेळी अधिकृत अॅपमधून चेहरा दाखवून काम होते.

खरी मेख बँकेत असते. खिडकीवर सांगतात, “तुमचं आधार जोडलेलं आहे.” ते केवायसीपुरते असू शकते. अनुदानासाठीचे सीडिंग वेगळे आणि ते एका वेळी एकाच बँकेत राहते. मध्यंतरी दुसरीकडे खाते काढून तिथे संमती दिली असेल, तर हप्ता तिकडे गेलेला असतो आणि आपण जुने पासबुक भरत बसतो. माय-आधारच्या संकेतस्थळावर सध्याच्या बँकेचे नाव दिसते. ते आधी बघा, मग हव्या त्या शाखेत डीबीटीसाठी आधार सीडिंगचा अर्ज द्या. शाखा दाद देत नसेल तर टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेत खाते काढा. पोस्टमन घरी येऊनही काढून देतो.

जमिनीपुढे ‘नाही’ असेल तर ताजा सातबारा, ८-अ, आधार आणि पासबुकाची प्रत घेऊन तालुका कृषी अधिकारी कार्यालय गाठा. जमीन १ फेब्रुवारी २०१९ पूर्वी नावावर हवी. वारसाने आलेल्या जमिनीला सूट आहे. वडील वारले असतील तर आधी तलाठ्याकडे वारसाचा फेरफार, मग स्वतःची नवी नोंदणी. त्यांच्या नावावर येणारे पैसे उचलत राहू नका. नवरा, बायको आणि अज्ञान मुले मिळून लाभ एकालाच. प्राप्तिकर भरणाऱ्यांना तर मिळतच नाही. अशा अनेकांना वसुलीच्या नोटिसा आल्या आहेत.

अर्जावर तारखेसह पोच घ्या. तरीही नोंद हलली नाही, तर १५५२६१ वर तक्रार करा. राज्याचा ‘नमो’ हप्ताही पीएम-किसानच्याच यादीवरून निघतो, त्यामुळे इथे अडकलेले नाव तिथेही अडकते.