घटक ४ : आत्मकथेतील प्रवास – एका विद्यार्थ्याचे पॅरिस



मागील घटकात आपण प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराची ओळख करून घेतली. पंडिता रमाबाईंच्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ (१८८९) या ग्रंथात लेखिकेची नजर सतत मायदेशातील वाचकाकडे असते. तेथील शिक्षण, राज्यव्यवस्था, स्त्रियांची स्थिती इकडील माणसांना समजावून सांगणे हा त्या लेखनाचा हेतू आहे. आत्मकथेत प्रवास येतो तेव्हा मात्र तो एवढा ऐसपैस येत नाही. काही पानांत, कधी काही ओळींतच तो आटोपतो. मग त्याचे वाचन कसे करावे? प्रस्तुत घटकात आपण एकच उदाहरण जवळून पाहणार आहोत : महात्मा गांधींच्या ‘सत्याचे प्रयोग’ या आत्मकथेतील पॅरिसचे प्रकरण. मूळ लेखन गुजराती आहे. मराठी वाचकाला ते अनुवादातून परिचित आहे.

४.१ प्रसंग

१८८८ मध्ये मोहनदास गांधी बॅरिस्टरीच्या अभ्यासासाठी लंडनला गेले. तेथे असताना पॅरिसमध्ये भरलेले भव्य प्रदर्शन पाहण्यासाठी ते सात दिवस त्या शहरात राहून आले. वय विशीच्या उंबरठ्यावरचे, सोबतीला कोणी असल्याचा उल्लेख नाही. आईला दिलेल्या वचनामुळे मांसाहार वर्ज्य होता, म्हणून शाकाहारी भोजनगृहाची माहिती काढून तेथेच त्यांनी खोली घेतली. शहर पाहिले ते बहुतेक पायी, नकाशा हाती धरून. परदेशात शिकणारा, बेताच्या पैशांचा कोणताही विद्यार्थी आजही असाच हिंडतो.

प्रदर्शनाचे मुख्य आकर्षण होते आयफेल टॉवर. सुमारे ३०० मीटर उंचीचे संपूर्ण लोखंडी बांधकाम उभे राहू शकते, हेच तेव्हा लोकांना नवल होते. गांधी त्यावर दोन-तीनदा चढले. इतक्या उंचावर जेवलो असे सांगता यावे, एवढ्याचसाठी त्यांनी तेथील उपाहारगृहात सात शिलिंग खर्च केले. हा तपशील सहज ओलांडून जाऊ नका. याच आत्मकथेत अन्यत्र, लंडनमधील काटकसरीच्या काळात आपला दिवसाचा खाण्याचा खर्च एक शिलिंग तीन पेन्सवर आणल्याचे ते सांगतात. बारा पेन्सचा एक शिलिंग, हे ध्यानात घेऊन हिशेब केला तर एका जेवणात साडेपाच दिवसांहून अधिक दिवसांचे अन्न गेले! शिवाय हे उपाहारगृह होते पहिल्या मजल्यावर, म्हणजे टॉवरच्या तीन मजल्यांपैकी सर्वांत खालच्या. उंचीची हौस फिटली ती अशी. पुढे अपरिग्रहाचा पुरस्कार करणारा माणूस हे लिहितो, आणि पैसे वाया घालवले अशाच सुरात लिहितो.

४.२ स्मरण आणि निवड

ज्या प्रदर्शनासाठी हा प्रवास घडला, त्याबद्दल विस्तार आणि विविधता यांपलीकडे आपल्याला काही आठवत नाही, असे लेखक सांगतो. आठवतात ती पॅरिसची जुनी प्रार्थनामंदिरे : नोत्र दामची रचना, आतील शिल्पे, तेथील शांतता, मूर्तीपुढे गुडघे टेकून बसलेली माणसे. रस्त्यावरचा झगमगाट आणि आतली निःशब्दता यांतील विरोध त्यांना जाणवला. ही माणसे दगडाला पूजत नसून त्या दगडातून सूचित होणाऱ्या देवत्वाला पूजतात, हा विचारही येथेच येतो.

येथे एक प्रश्न विचारायला हवा. हा विचार पॅरिसमधल्या विद्यार्थ्याचा, की आत्मकथा लिहिणाऱ्या प्रौढ माणसाचा? ‘नवजीवन’ साप्ताहिकात ही आत्मकथा १९२५ पासून क्रमशः प्रसिद्ध झाली. प्रवास आणि लेखन यांत सुमारे पस्तीस वर्षांचे अंतर आहे. प्रार्थनेविषयीची ती भावना आपल्या मनात नंतर वाढतच गेली, असे लेखकच सांगतो. म्हणजे दोन्ही काळ एका परिच्छेदात नांदत आहेत. गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’मध्येही घटना आणि लेखन यांत असे अंतर आहे, हे तुम्हाला आठवेल.

४.३ एक साल, एक साक्ष

आत्मकथेत प्रदर्शनाचे साल १८९० दिले आहे. प्रत्यक्षात फ्रेंच राज्यक्रांतीच्या शताब्दीनिमित्त भरलेले हे प्रदर्शन १८८९ च्या मे ते ऑक्टोबर या काळात झाले. एका वर्षाची ही तफावत क्षुल्लक वाटेल. पण प्रकरणाच्या शेवटी टॉलस्टॉय येतो आणि ती महत्त्वाची ठरते.

टॉवरची त्या वेळी निंदा आणि स्तुती दोन्ही कानांवर आली आणि निंदकांत टॉलस्टॉय अग्रणी होता, असे गांधी लिहितात. टॉवर म्हणजे माणसाच्या मूर्खपणाचे स्मारक, तंबाखूच्या अमलाखाली सुचलेली कल्पना, असे त्याचे मत ते नोंदवतात. मात्र मादक पदार्थांवरचा टॉलस्टॉयचा तो निबंध १८९० मधला आहे. प्रवास प्रदर्शनाच्या काळात झाला असेल, तर टॉवरवर चढताना हे मत त्या तरुणाच्या कानी असणे शक्य नाही. ते नंतर वाचनातून आले आणि स्मृतीने ते त्या सात दिवसांत नेऊन बसवले, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. टॉलस्टॉयचा खोल प्रभाव तर दक्षिण आफ्रिकेत, १८९४ च्या सुमारास पडला.

म्हणून लेखक असत्य बोलतो, असा निष्कर्ष काढू नये. परंतु ग्रंथाच्या नावातच ‘सत्य’ असताना अभ्यासकाने हा प्रश्न टाळणेही योग्य नाही. टॉवर हे प्रदर्शनातले खेळणे होते, त्यात कला नव्हती, हा निवाडा प्रौढ गांधींचा आहे. पुन्हा पुन्हा वर चढणारा आणि उंचावर जेवणारा तो मुलगा त्या निवाड्याशी सहमत झाला असता असे दिसत नाही. सुदैवाने लेखकाने त्याला प्रकरणातून वगळलेले नाही. माझ्या मते या प्रकरणाची गोडी त्या सात शिलिंगांत आहे, टॉवरवरील भाष्यात नाही.

स्वाध्याय : ‘सत्याचे प्रयोग’मधील हे प्रकरण मिळवून वाचा. कोणती वाक्ये प्रवासी विद्यार्थ्याची वाटतात आणि कोणती लिहिणाऱ्या प्रौढाची, याच्या खुणा समासात करा. ज्या वाक्याविषयी निर्णय करता येत नाही, त्याची नोंद वेगळी ठेवा आणि संपर्कसत्रात ते वाक्य चर्चेसाठी आणा.