गाभ्याची जागा : संगणक सुरू होण्यापूर्वीचा लेखी करार

शिर्डी येथे दर्शनाची व आरतीची आगाऊ नोंदणी, भक्तनिवासातील खोल्यांचे आरक्षण, साईनगर स्थानकावरील रेल्वेची तिकिटे ही सारी कामे आता संगणकाच्या साहाय्याने होतात. खिडकीसमोर रांग लागलेली असते. कर्मचारी यंत्राची कळ दाबतो आणि काही क्षणांत पडद्यावर परिचित चित्र उमटते. कधीतरी मात्र ते उमटत नाही. पडदा काळाच राहतो, चूक काय झाली याचा एक शब्दही दिसत नाही आणि रांग खोळंबते. अशा वेळी दोष तबकडीचा किंवा विद्युतपुरवठ्याचा असावा असा सर्वसाधारण समज असतो. पुष्कळदा तो खराही असतो. परंतु दोषांचा एक वर्ग असा आहे की ज्यात सर्व भाग सुस्थितीत असूनही केवळ एक गोष्ट चुकीच्या जागी ठेवली गेल्याने यंत्र मुके होते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून आणि तंत्रनिकेतनांतून संगणकाचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी हा वर्ग नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

संगणकाचे सर्व व्यवहार ज्या प्रणालीच्या आधारे चालतात तिच्या मध्यवर्ती भागाला कर्नल म्हणतात. लष्करातील कर्नलशी या शब्दाचा संबंध नाही. त्याचा अर्थ गर किंवा गाभा असा आहे. हा गाभा तबकडीवर अथवा चिपमध्ये फाइलच्या रूपाने साठविलेला असतो. यंत्र सुरू होताना तो उचलून कार्यकारी स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये, आणून ठेवावा लागतो. हे काम करणाऱ्या छोट्या आज्ञावलीस बूटलोडर हे नाव आहे. गाभा ठेवून झाला की बूटलोडर त्याच्या पहिल्या आज्ञेवर नियंत्रण सोपवितो आणि स्वतः बाजूला होतो. प्रश्न एवढाच की स्मृतीच्या विस्तीर्ण पटांगणात गाभा नेमका कोठे ठेवावयाचा?

एकतीस किलोबाइटचा वारसा

१९८१ साली आयबीएमचा वैयक्तिक संगणक बाजारात आला. त्यातील मूळ आज्ञावली तबकडीवरील पहिला ५१२ बाइटचा तुकडा वाचून स्मृतीच्या आरंभापासून बरोबर ३१ किलोबाइटवर ठेवीत असे. त्या काळी ३२ किलोबाइट स्मृती हे किमान प्रमाण धरले होते. तेव्हा खालची जागा प्रणालीसाठी मोकळी राहावी आणि अखेरच्या एका किलोबाइटात हा तुकडा व त्याची कामचलाऊ टिपणे मावावीत, असा हिशेब त्यामागे होता. स्मृती पुढे हजारो पटींनी वाढली, तरी जुन्या पद्धतीने सुरू होणारी यंत्रे याच ३१ किलोबाइटच्या खुणेवर पहिले पाऊल टाकीत राहिली. एकदा इतरांनी एखाद्या जागेवर भिस्त ठेवली की ती जागा बदलणे किती अवघड होते याचे हे बोलके उदाहरण होय.

लिनक्स या मुक्त प्रणालीचा गाभा आरंभी ६४ किलोबाइटच्या खुणेवर ठेवला जाई आणि त्याला ५१२ किलोबाइटांपेक्षा अधिक जागा मिळत नसे. गाभा वाढला, जागा अपुरी पडू लागली. १९९६ मध्ये सुधारित पद्धत आली व गाभा एक मेगाबाइटच्या वर ठेवण्याची सोय झाली. २००७ सालच्या २.६.२० या आवृत्तीपासून हा गाभा स्थलांतरक्षम झाला. म्हणजे ठरलेल्या जागेखेरीज अन्यत्र ठेवला तरी तो चालू शकतो. तो तसा चालू शकतो किंवा नाही, आणि किती मेगाबाइटांच्या टप्प्यावर त्याचा आरंभ जुळला पाहिजे, हे गाभ्याच्या फाइलमधील शीर्षकातच नमूद केलेले असते. २००९ मध्ये आणखी दोन रकाने त्यात वाढले : गाभ्याला कोणती जागा अधिक पसंत आहे, आणि सुरुवातीला त्याला एकूण किती मोकळी जागा लागेल.

पुण्यातील एक निराळा मार्ग

या बाबतीत महाराष्ट्रातील एक उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. पुणे येथे १९८८ मध्ये प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक सिद्ध झाला. त्यात ट्रान्सप्युटर जातीचे टी-८०० हे प्रोसेसर वापरले होते. या प्रोसेसरला जागे होण्याचे दोन मार्ग असत : स्वतःच्या कायम स्मृतीतून, किंवा शेजाऱ्याकडून येणाऱ्या दुव्यातून. दुसऱ्या मार्गाने जाताना तो आपल्या दुव्यांकडे कान देऊन बसे. पहिला बाइट शून्य किंवा एक असेल तर तो स्मृतीत काही लिहिण्याचा वा वाचण्याचा हुकूम समजावयाचा. त्याहून मोठा असेल तर तितके बाइट पुढे येत आहेत असे समजावयाचे. ते बाइट तो आपल्या अंतर्गत स्मृतीत ठराविक खुणेपासून ओळीने मांडी आणि शेवटचा बाइट येताच तेथूनच काम सुरू करी.

ही खूण स्मृतीच्या अगदी आरंभी नव्हती. टी-८०० मध्ये पहिले ११२ बाइट दुव्यांच्या व अन्य अंतर्गत नोंदींसाठी राखून ठेवले होते आणि त्यानंतरचा बाइट ही खरी सुरुवात होती. एका बाइटात २५५ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. त्यामुळे पहिली आज्ञावली फार तर २५५ बाइटांची. तिने पुढची मोठी आज्ञावली मागवून घ्यावी आणि शेजारच्या प्रोसेसरलाही द्यावी, अशी ही रीत. सारा व्यवहार माहिती-पुस्तिकेत मोजक्या ओळींत मांडलेला होता. काटेकोर लेखनाचा तो एक चांगला नमुना म्हणावा लागेल.

चार कामे आणि एक हिशेब

आजचे भ्रमणध्वनी, विद्यार्थ्यांच्या हाती असलेले छोटे प्रयोग-फलक, अनेक नियंत्रण यंत्रे यांत आर्म जातीचे प्रोसेसर असतात. त्यांच्या ६४ बिटांच्या प्रकारासाठी लिनक्सच्या गाभ्यासोबत एक करारवजा दस्तऐवज दिला जातो. विल डीकन यांनी तो २०१२ मध्ये लिहिला आणि पुढे त्यात वेळोवेळी भर पडत गेली. बूटलोडरची चार कामे त्यात सांगितली आहेत. स्मृती वापरण्याजोगी करणे, यंत्रातील भागांचे वर्णन करणारी सूची स्मृतीत ठेवणे, गाभा संक्षिप्त रूपात असल्यास तो उलगडणे आणि अखेर गाभ्याला हाक देणे. प्रत्येक कामापुढे ते अनिवार्य आहे की ऐच्छिक, हे स्पष्ट लिहिलेले आहे. उलगडण्याचे काम तेवढे ऐच्छिक, बाकीची तिन्ही अनिवार्य. सरकारी नियमावलीत ‘करावे’ आणि ‘करणे इष्ट’ यांत जो फरक असतो, तोच येथेही आहे आणि तो तितकाच गंभीरपणे घ्यावयाचा आहे.

जागेसंबंधीचा नियम असा : दोन मेगाबाइटांच्या टप्प्यावर जुळणारा एक पाया निवडावा, त्यापासून शीर्षकात दिलेले अंतर सोडावे आणि तेथे गाभा ठेवावा. टप्पा दोन मेगाबाइटांचाच का, तर गाभा आपल्या स्मृतीचा नकाशा आखताना एवढ्याच मोठ्या खंडांनी आखतो. जमिनीच्या गटाची हद्द दगडाला दगड लावूनच धरावी लागते, मध्येच कोठेतरी धरून चालत नाही, तसेच हे आहे. भागांची सूची आठ बाइटांच्या टप्प्यावर असावी आणि दोन मेगाबाइटांहून मोठी नसावी.

नवशिक्यांची सर्वांत मोठी गफलत होते ती आकाराच्या बाबतीत. फाइलचा आकार आणि गाभ्याला लागणारी जागा या दोन भिन्न गोष्टी आहेत. पंगतीचा अंदाज बांधताना केवळ पानांची जागा मोजून भागत नाही. वाढप्यांना ओळींमधून फिरता आले पाहिजे. गाभ्यातही असा एक भाग असतो की ज्यात सुरुवातीला सर्वत्र शून्यच असावयाचे असते. तो फाइलमध्ये साठविलेला नसतो. गाभा जागा झाल्यावर स्वतःच्या शेपटाकडील स्मृती स्वतःच पुसून शून्य करतो.

उदाहरणादाखल, गाभ्याची फाइल ३० मेगाबाइटांची आहे आणि शीर्षकात ३२ मेगाबाइट जागा लागेल असे लिहिले आहे, असे समजू. एखाद्याने फाइल जेथे संपते तेथे, म्हणजे पायापासून ३० मेगाबाइटांवर, भागांची सूची ठेवली. कागदावर सारे व्यवस्थित दिसते, कारण फाइल आणि सूची एकमेकांवर येत नाहीत. परंतु गाभ्याने पहिल्या क्षणीच तो भाग पुसला की सूचीही पुसली जाते. आता यंत्रात काय काय आहे हे गाभ्याला कळण्याचा मार्ग उरत नाही. पडद्याची जोडणी कोठे आहे हेही त्या सूचीतच होते, म्हणून तक्रार लिहिण्यास जागाच नाही. तीच सूची ६४ मेगाबाइटांवर ठेवली असती तर काही बिघडले नसते.

लिहिले ते पाळले का?

करार लिहिल्याने तो पाळला जातोच असे नाही. आर्मच्या या गाभ्याचे सोडावयाचे अंतर आरंभी ५१२ किलोबाइट होते. शीर्षक वाचून अंतर ठरवावे असा दंडक असताना, अनेक बूटलोडर शीर्षक न वाचता सरसकट ५१२ किलोबाइट सोडीत. अंतर कधी बदलतच नसल्याने ही लबाडी उघडकीस येत नसे. तेव्हा २०१४ मध्ये गाभ्याच्या कर्त्यांनी एक नामी उपाय योजला. चाचणीसाठी गाभा तयार करताना हे अंतर यदृच्छेने निवडण्याची सोय त्यांनी केली. शीर्षक वाचणारा बूटलोडर तरून जाई. ठोकताळ्यावर चालणारा तत्काळ अडखळे. अघोषित तपासणीचाच हा प्रकार म्हणावयाचा! त्याच वर्षीच्या ३.१७ या आवृत्तीपासून गाभ्याचा एकूण आकार शीर्षकात येऊ लागला. दस्तऐवजात जुन्या गाभ्यांची सोयही विसरलेली नाही : आकाराच्या रकान्यात शून्य असेल तर अंतर ५१२ किलोबाइट मानावे, असे तो सांगतो.

पुढे २०२० मध्ये ५.८ या आवृत्तीत हे अंतर शून्यावर आणण्यात आले. ज्यांनी शीर्षक वाचण्याची शिस्त पाळली होती त्यांना काहीच करावे लागले नाही. नंतरच्या आवृत्त्यांत गाभा टप्प्यावर जुळत नसेल आणि तरीही कसाबसा सुरू झाला, तर बूटलोडर दुरुस्त करावा असा स्पष्ट इशारा तो आपल्या नोंदीत लिहितो. राहाता, कोपरगाव, लोणी परिसरातील विद्यार्थी ज्या रास्पबेरी पाय फलकावर प्रयोग करतात, त्यावर ३२ बिटांचा गाभा ३२ किलोबाइटच्या खुणेवर ठेवण्याची रीत आहे. ६४ बिटांच्या गाभ्यासाठी पूर्वीची ५१२ किलोबाइटची खूण सोडून आता दोन मेगाबाइटांची खूण घेतली जाते. जुन्या पुस्तकातील अंक नव्या फलकावर जसाच्या तसा वापरल्यास फसगत होते, ती यामुळेच.

अशा मुक्या यंत्राचे निदान करावयाचे झाल्यास पडद्याकडे पाहत बसण्यात अर्थ नाही. फलकावरील क्रमिक दुव्याला तार जोडावी व दुसऱ्या संगणकावर बूटलोडरचे शेवटचे वाक्य वाचावे. गाभा, सूची आणि आरंभीची फाइल-व्यवस्था हे तिन्ही भाग कोठून कोठपर्यंत पसरले आहेत, हे एका कागदावर रेघा ओढून मांडावे. बूटलोडर स्वतः कोठे बसला आहे हेही त्यात दाखवावे. यू-बूटसारखा बूटलोडर बहुधा स्मृतीच्या वरच्या टोकाला सरकून बसतो आणि मोठी फाइल तेथपर्यंत पोहोचली तर काम चालू असतानाच त्याच्यावर घाला येतो. दोन रेघा एकमेकींना छेदताना दिसल्या की बहुतेक वेळा दोष सापडलेला असतो आणि सुस्थितीतील फलक बदलण्याचा खर्च वाचतो.

मोठ्या संगणकांवर चित्र काहीसे पालटले आहे. सी-डॅकने विकसित केलेली बॉस ही डेबियनवर आधारित प्रणाली असो वा अन्य कोणती, नव्या यंत्रातील यूईएफआय ही मूळ आज्ञावली मोकळ्या स्मृतीची यादी स्वतः बाळगते. गाभा तिच्याकडे रीतसर जागा मागतो आणि मिळेल तेथे बसतो. शिवाय २०१४ पासून लिनक्सचा गाभा सुरक्षिततेसाठी आपली जागा प्रत्येक वेळी यदृच्छेने बदलू शकतो, म्हणजे घुसखोरास ती आधी ठाऊक असू नये. छोट्या फलकांवर मात्र अजूनही तीन अंक हाताने लिहून द्यावे लागतात : गाभ्याचा, सूचीचा आणि आरंभीच्या फाइल-व्यवस्थेचा.