म्हैसमाळ दिवाळीनंतर

पाऊस ओसरला की आपल्या शहरातल्या सायकलवाल्यांना म्हैसमाळ खुणावू लागतं. डोंगर हिरवे, हवा धुतलेली आणि सायकल पावसाळाभर भिंतीला टेकलेली. एका ऑक्टोबरात मीही निघालो. दौलताबाद, घाट, खुलताबाद आणि तिथून थेट वर. दम छान टिकला आणि त्यानंच घात केला. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना गुडघ्याच्या वाटीखाली कळ आली, आणि ज्या 200 किलोमीटरच्या ब्रेव्हेसाठी, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल सफरीसाठी, हा खटाटोप होता, ती मित्रांच्या फोटोत पाहावी लागली.

नंतर फिजिओथेरपिस्टनी समजावलं ते सगळ्यांनीच ऐकावं असं आहे. बंद पडलेला दमसास काही आठवड्यांत परततो. स्नायूंना हाडांशी बांधणाऱ्या कंडरा मात्र महिने घेतात. म्हणजे ‘दम लागत नाही, अजून जाऊ’ हा हिशेबच फसवा. त्यात घाट. जड गिअरवर मिनिटाला पन्नास-साठ फेरे मारत चढलात की प्रत्येक फेऱ्याचा भार गुडघ्यावर.

म्हणून दिवाळीपर्यंत पैठण रोड. कंटाळवाणा आहे, कबूल. पण सपाट आहे आणि हलका गिअर लावून मिनिटाला 85-90 फेरे सलग ठेवता येतात. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता याव्यात एवढाच वेग. बोलणं तुटायला लागलं की हळू व्हा, मग पुढे कोणीही जावो. एक मात्र लक्षात ठेवा. जायकवाडीकडे जाताना जमीन उतरत जाते, आणि परतीला हलका चढ असतो. या दिवसांत ईशान्येचा वाराही बऱ्याचदा तोंडावर. निम्मी ताकद परतीसाठी राखा. आठवड्याचं एकूण अंतर दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नका. सीटची उंचीही पाहून घ्या: पेडल अगदी खाली असताना गुडघा किंचित वाकलेला हवा. सीट फार खाली असली की वाटीभोवती दुखतं.

घाई कशाला, हेही कळत नाही. 200 च्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात, चहा-पंक्चर धरून ताशी पंधराच्या आसपास. ती शर्यतही नाही. पुणे-गोवा 643 किलोमीटरच्या डेक्कन क्लिफहँगरचं स्वप्न असेल तर गोष्ट वेगळी. ती नोव्हेंबरात होते, तेव्हा ऑक्टोबरात जागं होऊन उपयोग नाही. त्यात उतरणाऱ्यांचा हंगाम भर पावसात, घरातल्या ट्रेनरवर सुरू होतो.

रस्त्याचं म्हणाल तर याच सुमारास शेतकरी डांबरावर मका वाळत घालतात. त्यावर ब्रेक दाबला की चाक सरकलंच. कारखाने सुरू झाले की पहाटे दिवे नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या. मागचा लाल दिवा तर हवाच, पुढचाही दणकट हवा. आणि सराटे! रस्त्याकडेच्या मातीत ते वाळून टणक झालेले असतात. कडेला उतरलात तर टायर हातानं तपासा, दोन ट्यूब जवळ ठेवा. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून जपून बोट फिरवा. काट्याचं मोडलेलं टोक आत राहिलं, तर नवी ट्यूब वाटेतल्या बिडकीनपर्यंतसुद्धा टिकत नाही.