कळा सुसह्य करणारा वायू



"कळा सोसवतील का?" हे नवी सून कोणाला विचारीत नाही, पण मनात असतेच. काही मोठ्या प्रसूतिगृहांत त्यासाठी श्वासातून घ्यायचा वायू मिळतो. त्याविषयी गैरसमज फार, म्हणून हे चार शब्द.

हा वायू म्हणजे निम्मा प्राणवायू आणि निम्मा नायट्रस ऑक्साइड. बाळंतपणातला त्याचा उपयोग क्लिकोविच या डॉक्टरांनी १८८१ साली रशियात दाखवून दिला.

श्वासाबरोबर तो फुप्फुसांत जातो, तेथून रक्तात आणि रक्तातून मेंदूत. तेथे शरीराचीच वेदना कमी करणारी द्रव्ये सुटतात. पाठीच्या कण्यातून वर जाणारा दुखण्याचा निरोप मंदावतो. कळ कळतेच, पण तिची धार बोथट होते. बाई शुद्धीवर असते. रक्तात हा वायू फारसा मुरत नाही, म्हणून लवकर चढतो आणि तितक्याच लवकर श्वासावाटे बाहेर पडतो.

खरी गोम वेळेची. पुरता गुण यायला पाऊण ते एक मिनिट लागते, आणि जोराची कळही साधारण तेवढीच टिकते. म्हणून पोट ताठ होऊ लागताच दीर्घ श्वास सुरू करावेत. कळ भरात आल्यावर मास्क उचलला तर गुण येईतो कळ संपलेली असते!

मास्क तिचा तिनेच धरायचा. गुंगी वाढली तर हात आपोआप खाली येतो, साधी हवा मिळते. नवऱ्याने किंवा सासूबाईंनी मायेपोटीसुद्धा तो दाबून धरू नये. चक्कर, मळमळ होते. मास्क काढल्यावर ओसरते. बाळापर्यंत थोडा वायू पोचतो, तोही जन्मल्यावर बाळाच्या श्वासावाटे निघून जातो. कानाचे ऑपरेशन नुकतेच झाले असेल किंवा ब-१२ जीवनसत्त्व कमी असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगावे.

आता पाळणा लांबवण्याचे. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत तांबी बसवता येते. पण ऐन कळांत, वायूच्या गुंगीत तिला 'हो की नाही' विचारणे बरे नव्हे. सातव्या महिन्यातल्या तपासणीला दोघे मिळून जा आणि नर्सबाईंना तांबीचे विचारा, वायूचेही विचारा. तो सगळीकडे नसतो. नसेल तर कळांच्या वेळी कंबर चोळायला जवळ कोण राहील, तेही तेव्हाच ठरवा.